आधी तक्ता द्या, मग कपात करा

गेल्या जुलैच्या शेवटच्या दिवशी आईचा मिरजेहून फोन आला. "अगं, पेन्शन निम्मीसुद्धा जमा झालेली नाही." जूनमध्ये ३६,८९० रुपये आले होते, जुलैत १४,७५६. मला वाटलं, बँकेचा काहीतरी घोळ असेल, पुढच्या आठवड्यात उरलेले येतील. आले नाहीत. आठ दिवसांनी बँकेचं पत्र आलं.

पत्र एका पानाचं आणि सगळं इंग्रजीत. मजकूर चार ओळींचा. तुमच्या खात्यात कुटुंब निवृत्तिवेतनापोटी ४,२६,११५ रुपये जादा जमा झाल्याचं तपासणीत आढळलं आहे; ही रक्कम दरमहा ७,३७८ रुपयांप्रमाणे वसूल केली जात आहे; पेन्शन सुरू होताना तुम्ही दिलेल्या हमीपत्राकडे लक्ष वेधण्यात येतं. खाली कुणाचीतरी आद्याक्षरं. चार लाख कुठून आले, कोणत्या महिन्यापासून, कोणत्या नियमानं, चूक कुणाची, हरकत असेल तर कुणाकडे जायचं, यातलं काहीही नाही.

मी शनिवारी घरी पोहोचले तेव्हा पत्र देवघराच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली ठेवलेलं होतं. आई सातवीपर्यंत शिकलेली आहे. वर्तमानपत्र रोज पहिल्या पानापासून वाचते. पण इंग्रजी पत्र तिनं शेजारच्या मुलाकडून वाचून घेतलं होतं आणि त्यानं जमेल तसा अर्थ सांगितला होता. तिनं मला विचारलं, "म्हणजे मी कुणाचे तरी पैसे खाल्ले का गं?"

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते त्या प्रश्नावरूनच. जादा रक्कम परत मागण्याचा सरकारला किंवा बँकेला मुळीच हक्क नाही, असा माझा दावा नाही. पण हिशोब समजावून सांगण्याची जबाबदारी पत्र पाठवणाऱ्याची आहे, आणि ती पार पडेपर्यंत पेन्शनमधून एक रुपयाही कापला जाता कामा नये. आज ही जबाबदारी ज्याच्या घरात शिकलेलं मूल असेल त्या मुलावर पडते. ज्याच्या घरात असं कुणी नाही, त्याच्याकडून वसुली बिनबोभाट होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत सीनियर टेक्निशियन होते. मे २०१६ अखेर साठाव्या वर्षी निवृत्त झाले, २०१८च्या नोव्हेंबरात गेले. केंद्र सरकारच्या आणि रेल्वेच्या नियमांत कुटुंब निवृत्तिवेतनाचे दोन दर असतात. निवृत्त माणूस गेला तर सुरुवातीला वाढीव दर, साधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्म्याइतका. हा दर सात वर्षं किंवा गेलेल्या माणसाला ६७ वर्षं पूर्ण झाली असती तोपर्यंत, यांतलं जे आधी येईल तिथवर. त्यानंतर साधा दर, म्हणजे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. दोन्हींवर महागाई दिलासा, म्हणजे महागाईप्रमाणे वाढत जाणारे काही टक्के, वेगळा.

मी वहीचं पान घेऊन आईला आकडे मांडून दाखवले. अण्णांचं शेवटचं मूळ वेतन ४७,६००. वाढीव दरानं २३,८००. साध्या दरानं १४,२८०. फरक ९,५२०. अण्णांची जन्मतारीख १ जून १९५६. (त्यांच्या पिढीतल्या निम्म्या गावाची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जूनच लावलेली आहे.) म्हणजे ६७ वर्षं १ जून २०२३ला पूर्ण होतात. तिथून पेन्शन कमी व्हायला हवी होती. झाली नाही. पुढची दोन वर्षं जुन्याच दरानं पैसे येत राहिले.

आई पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे मला तेव्हाच कुणी सांगितलं असतं, तर मी तेव्हाच कमी पैशांत घर चालवलं असतं." तिला हिशोब कळायला पंधरा मिनिटं लागली. ज्या कार्यालयाकडे हे सगळे आकडे, सगळ्या तारखा आणि संगणक आहे, त्याला ती पंधरा मिनिटं देता आली नाहीत.

दुसरी गोष्ट त्या पानामुळेच उघड झाली. जून २०२३ ते जून २०२५ हे पंचवीस महिने. महागाई दिलासा या काळात ४२ टक्क्यांवरून ४६, ५०, ५३ आणि ५५ टक्के असा चढला. त्या त्या महिन्याचा फरक मांडून बेरीज केली तर येतात ३,५८,५२३ रुपये. पत्रातला आकडा ६७,५९२ रुपयांनी जास्त होता. मी तीनदा बेरीज केली. मग लक्षात आलं की हा जादा आकडा म्हणजे ४२ टक्क्यांच्या दरानं बरोबर पाच महिन्यांचा फरक. त्यांनी मोजणी जूनऐवजी जानेवारी २०२३पासून धरली होती. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या मूळ आदेशावर, वाढीव दर ३१ मे २०२३पर्यंत असं स्वच्छ छापलेलं आहे. इंग्रजीत महिना तीन अक्षरांत लिहिला की जून आणि जानेवारी यांत मधल्या एकाच अक्षराचा फरक उरतो. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी पडद्यावर बघून हे मान्य केलं. ते चांगले वागले, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. पेन्शनचा हिशोब दुसऱ्या शहरातल्या केंद्रात होतो.

पत्रासोबत महिनावार तक्ता असता, तर ही चूक पाठवणाऱ्यालाच पाठवण्याआधी दिसली असती. तक्ता मागण्याचं खरं कारण हे आहे. हिशोब मांडून दाखवावा लागला की हिशोब तपासला जातो. नुसता एकूण आकडा लिहायची मुभा असली की आधीच्या चुकीवर दुसरी चूक चढते, आणि दोन्हींचे पैसे चौसष्ट वर्षांच्या बाईच्या खात्यातून जातात.

यावर जे उत्तर दिलं जातं, त्याला मी हलकं लेखत नाही. पैसा जनतेचा आहे. चुकून गेला म्हणून तो घेणाऱ्याचा होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली उत्तराखंडातल्या एका प्रकरणात जवळपास असंच म्हटलं होतं: हा करदात्यांचा पैसा आहे, तो देणाऱ्या अधिकाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. हे मला पटतं. आईलाही पटतं, "हक्काचे नव्हते तर नव्हते," हे तिचेच शब्द. पुढची पेन्शन साध्या दरानं, २२,१३४ रुपये, याबद्दल आमची काहीही तक्रार नाही.

पण चूक सुधारणं आणि मागची वसुली करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या आहेत हे त्याच न्यायालयानं पुढे सांगितलं आहे. १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात न्यायालयानं काही परिस्थिती सांगितल्या, ज्यांत मालकाच्या चुकीनं दिलेल्या जादा रकमेची वसुली कायद्यानं चालणार नाही. त्यांत तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतले कर्मचारी आहेत. निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे आहेत. वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ दिली गेलेली रक्कम आहे. आणि शेवटी एक सर्वसाधारण कसोटी आहे: वसुली केल्यानं होणारा अन्याय मालकाच्या वसुलीच्या हक्कापेक्षा मोठा ठरत असेल, तर ती करू नये. २०२२च्या मे महिन्यात केरळातल्या एका निवृत्त शिक्षकाच्या प्रकरणात न्यायालयानं हाच धागा पुढे नेला. घेणाऱ्यानं काही लपवलं नव्हतं, खोटं सांगितलं नव्हतं, चूक खात्याच्या नियम लावण्यात होती. म्हणून वसुली रद्द झाली.

हे निकाल मुख्यतः पगाराच्या जादा रकमेचे आहेत. विधवेच्या कुटुंब निवृत्तिवेतनाला ते जसेच्या तसे लागतील की नाही, हे प्रत्येक प्रकरणात वाद घालूनच ठरतं. पण त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न आईच्या बाबतीतही तोच आहे. तिनं काय लपवलं? अण्णांच्या मृत्यूचा दाखला तिनं दिला. दर नोव्हेंबरला रांगेत उभी राहून हयातीचा दाखला दिला. ६७ वर्षांची तारीख तिच्या हातात नव्हती, बँकेच्या हातात होती.

मग हमीपत्र येतं. पत्रातली सगळ्यात टोचणारी ओळ तीच होती. पेन्शन सुरू होताना बँक लिहून घेते की, जादा रक्कम जमा झाल्यास ती परत करण्यास मी बांधील आहे. २०१६ साली पंजाब-हरियाणातल्या एका न्यायिक अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं असं हमीपत्र देणाऱ्यावर ते बंधनकारक मानलं. न्यायिक अधिकाऱ्यानं आपण कशावर सही करतोय हे जाणूनच केलेली असते, त्याबद्दल वाद नाही. आईनं सही केली ती अण्णांचं तेरावं होऊन आठवडाही झालेला नसताना. काउंटरवर सहा-सात कागद पुढे सरकवले गेले, पेन्सिलीनं फुली मारलेल्या जागी तिनं सह्या केल्या. मी तिच्या शेजारी उभी होते. मी पदवीधर आहे आणि मीही ते वाचले नाहीत. या एका गोष्टीचं मला आजही फार वाईट वाटतं. पण म्हणून त्या कागदाला समजून दिलेली संमती म्हणता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे पैसे भरायची स्लिप आणि पासबुक इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक अशा तिन्ही भाषांत असावं लागतं. पाचशे रुपये भरायची स्लिप मराठीत मिळते. चार लाखांच्या देण्याला बांधून घेणारा कागद आणि ते देणं मागणारं पत्र, दोन्ही आईला मराठीत मिळाली नाहीत.

चूक कुणाची, याचं उत्तर पत्रात नसतं हा योगायोग नाही. कारण त्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२१मध्ये पेन्शन देणाऱ्या बँकांना कळवलं आहे की, जादा पेन्शन बँकेच्या चुकीनं गेली असेल, तर ती रक्कम बँकेनं लक्षात येताच सरकारला एकरकमी भरावी, पेन्शनरकडून वसूल होण्याची वाट पाहू नये. आणि वसुली कशी करायची याबद्दल पेन्शन मंजूर करणाऱ्या खात्याचं मार्गदर्शन घ्यावं. याचा साध्या भाषेत अर्थ असा की, चूक बँकेची असेल तर जनतेचा पैसा जनतेकडे लगेच परत जायला हवा. त्यानंतर आईच्या खात्यातून दरमहा जे कापलं जातं, ते बँकेचा तोटा भरून काढण्यासाठी. मग "जनतेचा पैसा" हा मुद्दा तिथे उरत नाही. उरतो तो एक मोठी बँक आणि एक विधवा यांच्यातला व्यवहार, ज्यात निष्काळजीपणा बँकेचा होता.

या व्यवहारातली दुसरी एक गोष्ट मला पटत नाही. १८७१चा पेन्शन कायदा आजही लागू आहे. त्याच्या ११व्या कलमाप्रमाणे सरकारी पेन्शनवर सावकाराला कोर्टाचा हुकूमनामा आणूनही जप्ती आणता येत नाही. इंग्रजांच्या काळातही हे उमगलं होतं की म्हातारपणाची भाकरी सावकारांच्या हाती लागू देऊ नये. पण पेन्शन ज्या खात्यात येते ती बँक, कोर्टात न जाता, नोटीस न देता, एका महिन्यात पेन्शनचा तिसरा हिस्सा काढून घेते. सावकाराला जे जमत नाही ते बँकेला एका कळीनं जमतं.

नागपूर खंडपीठासमोर २०२० साली असंच प्रकरण आलं होतं. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले ८५ वर्षांचे गृहस्थ. त्यांच्या पेन्शनमधून बँकेनं ३,६९,०३५ रुपये जादा गेल्याचं सांगून कपात सुरू केली. कोणत्या अधिकारानं आणि कोणत्या हिशोबानं, हे न्यायालयाला समाधानकारकपणे दाखवता आलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या त्या खंडपीठानं कपात रद्द केली, पैसे परत करायला सांगितले आणि बँकेला ५०,००० रुपये खर्चाचा भुर्दंडही बसवला. पण पंच्याऐंशी वर्षांच्या किती जणांना रिट याचिका करता येते? वकिलाची फी, नागपूर किंवा मुंबईच्या फेऱ्या, आणि तोवर कपात चालूच. न्यायालयात गेलेल्याला न्याय मिळतो म्हणून व्यवस्था बरी चालली आहे, असं मी मानायला तयार नाही.

हा प्रश्न पेन्शनपुरताही नाही. पीएम किसानच्या वर्षाला ६,००० रुपयांपैकी घेतलेले हप्ते परत करा, अशा नोटिसा महाराष्ट्रातल्या तहसील कार्यालयांतून प्राप्तिकर भरणाऱ्या शेतकऱ्यांना गेल्या. २०२४मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत आधी घाईनं अर्ज मंजूर झाले आणि नंतर लाखो नावांची छाननी सुरू झाली. ज्यांनी जाणूनबुजून खोटी माहिती दिली त्यांच्याकडून वसुली जरूर व्हावी. सरकारी नोकरीत असून दीड हजार रुपये घेणाऱ्याबद्दल मला सहानुभूती नाही. पण अंगणवाडीत बसून दुसऱ्यानं भरलेल्या अर्जावर अंगठा किंवा सही करणाऱ्या बाईला जर उद्या असंच चार ओळींचं पत्र आलं, तर तिला कोण सांगणार की तिची चूक नेमकी कोणती?

जगात हे घडून गेलेलं आहे. ऑस्ट्रेलियात २०१६पासून संगणकानं लोकांच्या वार्षिक उत्पन्नाची पंधरवड्यांवर सरासरी काढली आणि लाखो लोकांना जादा भत्ता घेतल्याची पत्रं पाठवली. वर्षातून चार महिनेच काम मिळालेल्या माणसाला वर्षभर पगार होता असं धरलं गेलं. चूक नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पत्र मिळालेल्यावर होती, जुन्या पगाराच्या पावत्या शोधत बसायचं त्यानं. २०१९मध्ये सरकारला न्यायालयात मान्य करावं लागलं की अशा हिशोबाला कायद्याचा आधार नव्हता. २०२३च्या जुलैत चौकशी आयोगाच्या अध्यक्ष कॅथरीन होम्स यांनी अहवाल दिला. त्यात या योजनेला ढोबळ आणि क्रूर म्हटलं आहे, आणि या योजनेनं अनेकांना आपण गुन्हेगार आहोत असं वाटायला लावलं, असंही नोंदवलं आहे. ते वाचताना मला हळदीकुंकवाच्या करंड्याखालचं पत्र आठवलं. आईनं तो महिनाभर भिशीला जाणं बंद केलं होतं. बायका विचारतील आणि आपल्याला सांगता येणार नाही, म्हणून.

१७ डिसेंबर १९८२ला नकारा खटल्यात, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठानं सांगितलं की पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे. तो दिवस पेन्शनर दिन म्हणून दरवर्षी पाळला जातो, सभा होतात, हार घातले जातात. पेन्शन हक्क असेल, तर ती कमी करताना कारण आणि हिशोब देणं हेही उपकार म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून व्हायला हवं.

मागणी फार मोठी नाही. कपातीच्या किमान दोन महिने आधी पत्र जावं आणि ते पेन्शनरच्या भाषेत असावं. त्यात महिनावार तक्ता असावा: किती मिळालं, किती मिळायला हवं होतं, कोणत्या नियमानं. चूक कुणाकडून झाली ते एका वाक्यात लिहिलेलं असावं. हरकतीचा निकाल लागेपर्यंत कपात थांबावी. आणि चूक बँकेची असेल व पेन्शनरनं काही लपवलं नसेल, तर मागची वसुली करूच नये. बँकेनं तो तोटा सोसावा. मग वाढीव दर संपायची तारीख पुढच्या वेळी तिच्या संगणकाला बरोबर आठवेल. यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकात हे बसतं.

तोवर ज्यांच्या घरी असं पत्र आलं आहे त्यांना एवढंच सांगेन: घाबरून सही करू नका आणि एकदम पैसे भरू नका. पीपीओची प्रत काढा, त्यावरच्या तारखा वाचा. पासबुक छापून आणा. महिनावार हिशोब लेखी मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तीस दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. केंद्र सरकारच्या पेन्शनरांसाठी तक्रारीचं पोर्टलही आहे. आणि आई-वडिलांना पहिलं वाक्य हे सांगा की तुम्ही चोरी केलेली नाही. आमच्याकडे मी आकड्यांपासून सुरुवात केली, ते चुकलं. आकडे तिला नंतर कळले. पण पहिला घास तिच्या घशाखाली उतरला तो हे वाक्य ऐकल्यावर.

आमच्या पहिल्या अर्जानंतर दुसरं पत्र आलं. तेही इंग्रजीत. रक्कम आता ३,५८,५२३ केली आहे. जानेवारी आणि जूनचा उल्लेख नाही, पाच महिने का वगळले ते लिहिलेलं नाही, तक्ता नाही. दुसरा अर्ज देऊन चार महिने झाले, त्याला उत्तर नाही. दरमहा ७,३७८ रुपये मात्र महिनाअखेरीला कापले जातात.